गॅस आपल्याला, भीती नांदिवड्याला

"कोकणातल्या लोकांना काहीच नको असतं." नाशिकमध्ये हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. एन्रॉन नको, जैतापूर नको, नाणार नको, वाढवण नको, आणि आता जयगडचं गॅस टर्मिनलही नको. मग देश चालवायचा कसा, हा प्रश्न त्याला जोडूनच येतो. अंबड-सातपूरच्या कारखानदारांच्या तोंडी तो असतो, कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर असतो, आणि सिलिंडर यायला चार दिवस उशीर झाला की घराघरांतही असतो. बोलणारी माणसं दुष्ट नाहीत. पण त्यांचं मत चुकीचं आहे, अन्यायाचं आहे, आणि नाशिककरांच्या तोंडी तर ते अजिबात शोभत नाही.

आधी ते मत पुरतं मांडतो, म्हणजे सोयीचा प्रतिपक्ष उभा केला असं कुणी म्हणायला नको. देशाला एलपीजी बाहेरून आणावा लागतो. तो जहाजाने येतो, तेव्हा किनाऱ्यावर टर्मिनल लागणारच. ते कुठेतरी होणार, कुणाच्या तरी शेजारी होणार. कंपन्या सगळे परवाने घेऊन, कोट्यवधी रुपये घालून ते उभारतात. स्थानिकांना नोकऱ्या मिळतात, रस्ते होतात. धोका म्हणाल तर तो घरातल्या सिलिंडरमध्येही आहे. एक दिवस थोडा वास सुटला म्हणून टर्मिनलच हलवा म्हणणं हा आततायीपणा आहे, आणि त्यामागे बहुतेक वेळा पैसे उकळणारा एखादा पुढारी असतो.

ज्या दिवशीच्या वासाबद्दल हे बोललं जातं तो दिवस 12 डिसेंबर 2024. रत्नागिरी तालुक्यात जयगड बंदराच्या शेजारी नांदिवडे गाव आहे. तिथल्या माध्यमिक शाळेत वर्ग चालू असताना उग्र वास पसरला. मुलांचे डोळे चुरचुरायला लागले, कुणाला मळमळलं, कुणाच्या पोटात दुखायला लागलं, कुणाला श्वास घेता येईना. कितीतरी मुलांना रत्नागिरीच्या रुग्णालयात हलवावं लागलं. बंदराच्या आवारातल्या एलपीजी टर्मिनलमध्ये टाकीच्या देखभालीचं काम चालू होतं आणि तिथून इथाइल मरकॅप्टन हवेत गेलं, अशी माहिती तेव्हा पुढे आली. त्यानंतर गावाने मागणी केली की हे टर्मिनल वस्तीपासून दूर न्या. एवढ्या मागणीवरून नांदिवडे विकासविरोधी ठरलं.

हे मरकॅप्टन काय आहे ते समजून घेतलं, तर नाशिकचा या प्रकरणाशी काय संबंध, हा प्रश्न उरत नाही. प्रोपेन आणि ब्युटेन यांना स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. मोठ्या जहाजातून ते थंड करून, द्रवरूपात येतात. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतं, म्हणून जहाजाच्या टाक्या तितक्याच थंड ठेवाव्या लागतात. किनाऱ्यावर उतरल्यावर, टँकरमध्ये किंवा पाईपलाईनमध्ये जाण्याआधी त्यात वासाचं रसायन मिसळतात. ते अगदी थोडं पुरतं, कारण हवेत अब्जात एखाद-दुसरा कण असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. आपल्या ओट्यावर शेगडीचं बटण चुकून फिरलं की आपण नाक वर करतो, रेग्युलेटर बंद करतो, खिडक्या उघडतो. आपला जीव वाचवणारा तो वास असा आधीच कुणीतरी गॅसमध्ये घातलेला असतो, आणि घालण्यासाठी तो टर्मिनलवर दाट स्वरूपात साठवलेला असतो. आपल्याला सावध करणारं तेच रसायन त्या दिवशी नांदिवड्याच्या मुलांच्या छातीत गेलं. नाशिकच्या सिलिंडरमधला कुठला किलो कुठल्या बंदरातून आला हे सांगता येत नाही, पण किनाऱ्यावरच्या कुणाच्या तरी शेजारातून गेल्याशिवाय त्यातला मोठा भाग आपल्यापर्यंत पोचत नाही, हे नक्की.

"नुसता वास होता, गॅस थोडाच होता?" असं मला एका सुशिक्षित माणसाने विचारलं. वर्गात बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला हा फरक कसा कळावा? तिच्या शिक्षकांना कसा कळावा? वास येतो म्हणजे गॅस गळतोय, हे आपणच सगळ्या देशाला शिकवलंय. त्या क्षणी शाळेने काय करायचं होतं? मुलांना वर्गात बसवून खिडक्या लावायच्या, की मैदानात न्यायचं? मैदानात नेलं तर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला? एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकते, उताराने वाहते, खळग्यात, गटारात साचते. एक लिटर द्रव सांडला तर त्याची अडीचशे लिटरच्या आसपास वाफ होते, आणि हवेत तिचं प्रमाण दोन टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून पळायचं ते उंचावर, वाऱ्याच्या उलट बाजूला, गाडी चालू न करता, दिव्याच्या बटणाला हात न लावता. हे आधी कुणीतरी गावात येऊन सांगावं लागतं, आणि सांगून भागत नाही. करून बघावं लागतं.

हे सांगणं आपल्याकडे कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. भोपाळनंतर देशाने पर्यावरण संरक्षण कायदा केला आणि त्याखाली 1989 मध्ये घातक रसायनांच्या उत्पादन, साठवणूक आणि आयातीचे नियम आले. मोठा साठा करणाऱ्याने कुंपणाच्या आतला आपत्ती आराखडा करायचा, कुंपणाबाहेरचा आराखडा जिल्ह्याच्या यंत्रणेने करायचा, त्या बाहेरच्या आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून किमान एकदा घ्यायची, आणि अपघात झाला तर ज्यांना झळ बसू शकते त्या लोकांना धोक्याचं स्वरूप आणि बचावाचे उपाय आधीच कळवायचे, हे सगळं त्या नियमांत लिहिलेलं आहे. लोकांनी मागितली तर माहिती द्यावी असं त्यात म्हटलेलं नाही. ती आपणहून द्यायची आहे. नांदिवड्याचे लोक विचारतात ते याच्या पलीकडचं काय आहे? "सगळे परवाने आहेत" हे उत्तर त्यांना देणाऱ्यांनी एकदा हे नियम वाचावेत. परवाना कंपनीला मिळतो. गावाला मिळायची ती माहिती आणि ती तालीम. एकाचा कागद दाखवून दुसऱ्याची थकबाकी फिटत नाही.

टर्मिनलचा धोका खयाली आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी विशाखापट्टणम आठवावं. 14 सप्टेंबर 1997, रविवारची सकाळ. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात जहाजातून एलपीजी उतरवला जात असताना पाईपलाईनमधून गळती झाली, वाफेचा ढग पसरला आणि पेटला. साठच्या आसपास माणसं गेली. भेदरलेल्या हजारो लोकांनी त्या दिवशी शहर सोडलं. त्याच्या तेरा वर्षं आधी, नोव्हेंबर 1984 मध्ये, मेक्सिको सिटीजवळ सान हुआनिको इथे एलपीजीच्या साठ्याला आग लागून एकामागून एक टाक्या फुटल्या आणि पाचशेच्या आसपास माणसं मेली. साठ्याला खेटूनच दाट वस्ती होती. जमिनीवर उघड्या ठेवलेल्या टाक्यांऐवजी मातीच्या ढिगाऱ्याखाली झाकलेल्या टाक्या वापराव्यात हे जग अशाच अपघातांतून शिकलं. अंतर, आच्छादन, भोंगा, तालीम ही सगळी खबरदारी माणसांचे जीव गेल्यानंतर नियमांत लिहिली गेली आहे. ती मागणाऱ्याला भित्रा म्हणणं हा त्या मेलेल्यांचा अपमान आहे.

आता त्या मतातला खरा भाग. गॅस लागतो, हे शंभर टक्के मान्य. 2024-25 मध्ये देशाने 3 कोटी टनांहून जास्त एलपीजी वापरला आणि त्यातला निम्म्याहून जास्त आयात केलेला होता. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली तेव्हापासून दहा कोटींवर घरांना जोडणी मिळाली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर सिलिंडर पोचणं हे मी या काळातलं मोठं काम मानतो. तो पुन्हा भरून घेणं परवडत नाही म्हणून त्याच घरात परत चूल पेटते तेव्हा वाईट वाटतं. गॅसची ही गरज भागते ती सौदीच्या रास तनुरा, अमिरातीच्या रुवैस, कतारच्या रास लफान अशा निर्यात टर्मिनलांवरून. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी 2026 सालासाठी 22 लाख टन एलपीजी अमेरिकेतून घेण्याचा करारही केला. 45 हजार टनांचं एक मोठं गॅसवाहू जहाज रिकामं झालं की घरगुती 14.2 किलोचे एकतीस लाखांवर सिलिंडर भरतात. 2027 च्या सिंहस्थात साधुग्रामातल्या अन्नछत्रांना लागणारा गॅसही अशाच जहाजांमधून उतरलेला असेल. तेव्हा टर्मिनलं लागतील, आहेत त्याहून जास्त लागतील.

पण "टर्मिनल लागतं" यावरून "ते शाळेच्या शेजारीच लागतं" हे कसं सिद्ध होतं? गरज गॅसची आहे. जागा कोणती, हा निर्णय माणसांनी घेतलेला असतो आणि तो बदलता येतो. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहराचं उदाहरण आपल्या उद्योजकांनी जरूर अभ्यासावं. पेंबिना नावाच्या कॅनडाच्या कंपनीला तिथल्या बंदरात प्रोपेन निर्यातीचं टर्मिनल उभारायचं होतं, सुमारे 50 कोटी डॉलरचं. नागरिकांनी सुनावण्यांमध्ये सुरक्षेचे आणि पर्यावरणाचे प्रश्न विचारले, आणि 2015 च्या मे महिन्यात आधी अनुकूल असलेल्या महापौरांनी पाठिंबा काढून घेतला. तो प्रकल्प तिथे झाला नाही. मग प्रोपेन जमिनीतच राहिलं का? त्याच कंपनीने कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रिन्स रुपर्टजवळ वॉटसन बेटावर, बंद पडलेल्या कागदलगद्याच्या गिरणीच्या जागेवर टर्मिनल उभारलं आणि 2021 मध्ये ते चालू झालं. अमेरिका आज जगातला सर्वांत मोठा एलपीजी निर्यातदार आहे. एका शहराच्या नकाराने तिचा व्यापार बुडाला नाही. पोर्टलंडच्या लोकांना कुणी देशद्रोही म्हटलं नाही. मग आपल्या नांदिवड्याने तोच प्रश्न विचारला की आपली भाषा एकदम का बदलते? तो प्रश्न मराठीत, मालवणी-संगमेश्वरी वळणाने विचारला म्हणून?

विरोधामुळे कामं रखडतात, ही तक्रारही उलटी तपासून बघावी. कोचीजवळ पुतुवैप इथे एलपीजी आयात टर्मिनलचं काम वर्षानुवर्षं अडलं. 2017 मध्ये आंदोलक बायाबापड्यांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या, आणि अखेर डिसेंबर 2019 मध्ये जमावबंदी लावून काम पुन्हा सुरू करावं लागलं. हा वेळ कुणी घालवला? पहिल्या दिवशी गावासमोर नकाशा ठेवून अंतरं, वारे, भोंगे, रुग्णालयं यांबद्दल बोलणी केली असती तर जितके महिने लागले असते, त्याहून कितीतरी जास्त वर्षं ती न केल्यामुळे गेली.

आणि नाशिककरांनी कुणाला विकासविरोधी म्हणावं? 2025 च्या अखेरीस तपोवनातली सतराशे-अठराशे झाडं साधुग्रामासाठी तोडायचा घाट घातला गेला, तेव्हा हे शहर रस्त्यावर उतरलं. झाडांना मिठ्या मारल्या, हरकती नोंदवल्या, न्यायालयात गेलं. मला त्याचा अभिमान आहे. त्या वेळी आपण सिंहस्थाच्या विरोधात होतो का? आपण म्हणत होतो, सिंहस्थ करा, पण झाडं वाचवून करा. समृद्धी महामार्गाच्या मोजणीला सिन्नर तालुक्यातल्या शिवड्याच्या शेतकऱ्यांनी 2017 मध्ये अडवलं तेव्हा ते रस्त्याचे शत्रू होते का? ते बागायती जमिनीबद्दल बोलत होते. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने अट घातली तर ती जागरूकता, आणि रत्नागिरीतल्या माणसाने तीच अट घातली तर आडमुठेपणा, हा दुजाभाव कुठल्या तोंडाने करायचा?

मे 2025 फार जुना नाही. इगतपुरीजवळ मुंढेगावच्या एका मोठ्या कारखान्याला लागलेली आग दिवसचे दिवस धुमसत होती. आवारात गॅसची टाकी होती, आणि आग तिथवर पोचेल या भीतीने आजूबाजूच्या लोकांना घरं सोडायला सांगण्यात आलं. मुंबई-आग्रा महामार्गावरून काळ्या धुराचे लोट दिसत होते. एका टाकीच्या नुसत्या भीतीने आपल्या जिल्ह्यातली घरं रिकामी झाली. तिथल्या माणसांनी "ही टाकी इथून किती दूर होती, आम्हाला आधी का सांगितलं नाही" असं विचारलं तर आपण त्यांना समजावणार का, की गॅस तर देशाला लागतोच?

"धोका सगळीकडे आहे" हे म्हणणं मला सर्वांत जास्त खटकतं, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. जयगडच्या घटनेनंतर आठच दिवसांनी, 20 डिसेंबर 2024 ला, जयपूर-अजमेर महामार्गावर भांक्रोटा इथे एलपीजीच्या टँकरला ट्रक धडकला, वाफ पसरली, पेटली आणि वीसच्या आसपास लोक जळून मेले. 2012 मध्ये केरळात कन्नूरजवळ चाला इथे असंच झालं. धोका रस्त्यावरही आहे, हे खरंच. पण त्याचा अर्थ काय घ्यायचा? एका ठिकाणी माणसं मरतात म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या माणसांनी गप्प बसायचं? की दोन्ही ठिकाणचा धोका कमी करायचा? एका टँकरमध्ये सतरा-अठरा टन गॅस मावतो. म्हणजे त्या एका मोठ्या जहाजाचा माल रस्त्याने न्यायचा तर अडीच हजार टँकर लागतात. उरणहून चाकण-शिक्रापूरकडे दीडशे किलोमीटरहून लांब एलपीजीची पाईपलाईन टाकली गेली ती घाटातले टँकर कमी करण्यासाठीच. मुंबईहून मनमाडपर्यंत पेट्रोल-डिझेल नळाने येतं. मग कसारा घाटातून होणारी गॅसची वाहतूक कमी करा, अशी मागणी नाशिकने किती जोराने लावून धरली आहे? नांदिवड्याने आपल्या दारातल्या धोक्याबद्दल आवाज उठवला. आपण आपल्या दारातल्या धोक्याबद्दल गप्प आहोत आणि वर त्यांनाही गप्प राहायला सांगतोय.

नोकऱ्यांचं थोडक्यात. टर्मिनल म्हणजे जेट्टी, टाक्या, पंप, नळ आणि नियंत्रण कक्ष. एकदा बांधून झालं की ते मोजक्या माणसांवर चालतं. गावातल्या पोरांना त्यात सुरक्षारक्षकाची किंवा ठेकेदाराकडची कामं मिळतात. ती मिळावीत, पण त्या बदल्यात भोंग्याचा आणि रुग्णालयाचा हक्क सोडावा लागावा हा कुठला सौदा? आणि पुढाऱ्याचं म्हणाल, तर कुणी गावाच्या नावावर खंडणी मागत असेल तर त्याला पकडा, तुरुंगात टाका. पण त्यामुळे रुग्णालयात नेलेल्या मुलांचा त्रास खोटा ठरत नाही.

कागदावरच्या बंदोबस्तावर विसंबून राहायला सांगताना नाशिक जिल्ह्याने तरी दहा वेळा विचार करावा. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांची कोठारं आहेत. त्याच भागात 25 जानेवारी 2011 ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनभेसळ करणाऱ्यांनी भर दिवसा जिवंत जाळलं. कोठारांना परवाने होते, टँकरांना परवाने होते, नियमही होते. त्या नियमांची अंमलबजावणी करायला एक अधिकारी स्वतः गेला, तर त्याचा जीव गेला. इंधनाच्या साठ्याभोवती सरकारी देखरेख किती तोकडी पडू शकते हे महाराष्ट्रात आपल्याइतकं कुणी जवळून पाहिलेलं नाही. 1 जानेवारी 2024 ला याच पानेवाडीतले टँकरचालक संपावर गेले आणि शहरातल्या पंपांवर लगेच रांगा लागल्या, हेही आपण पाहिलं. आपलं रोजचं जगणं कुठल्यातरी दूरच्या कोठारावर, नळावर, जेट्टीवर लटकलेलं आहे. त्या जेट्टीशेजारी राहणारी माणसं आपला धोका आपल्या वतीने सोसतात.

म्हणून "त्यांना काहीच नको" हे वाक्य नाशिकने टाकून द्यावं आणि आपल्या आमदार-खासदारांकडे, उद्योजकांच्या संघटनांकडे स्वच्छ मागणी करावी. किनाऱ्यावरच्या प्रत्येक एलपीजी टर्मिनलचा कुंपणाबाहेरचा आपत्ती आराखडा मराठीत छापून ग्रामपंचायतीत आणि शाळेत लावला पाहिजे. वर्षातली तालीम शाळा भरलेली असताना, मुलांना घेऊन झाली पाहिजे आणि तिचा अहवाल जाहीर झाला पाहिजे. मरकॅप्टनचा साठा किती आहे आणि टाक्यांची देखभाल कधी होणार हे गावाला आदल्या दिवशी कळलं पाहिजे. वस्तीपासूनचं अंतर कंपनीच्या सल्लागाराऐवजी त्रयस्थ यंत्रणेने मोजलं पाहिजे, आणि ते अपुरं निघालं तर साठा हलवला पाहिजे, खर्च कितीही येवो. त्या खर्चापोटी सिलिंडर पाच-दहा रुपयांनी महागला तर ते पैसे द्यायची माझी तयारी आहे, आणि ज्यांना परवडतं त्या प्रत्येक नाशिककराची असली पाहिजे. उज्ज्वलाच्या घरांवर तो भार टाकू नये. हे होईपर्यंत जयगडला किंवा आणखी कुठेही साठवणक्षमता एक टनानेही वाढवायला परवानगी देऊ नये. आणि हेच सगळं पानेवाडीला, मुंढेगावला, सिन्नर-अंबडच्या प्रत्येक मोठ्या गॅससाठ्यालाही लागू करावं, याच वर्षी.